स्तोत्र १२३ : कुणी कस्पटासमान लेखलं, तर देवाकडे नेमकं मागायचं काय?

ओसरी

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १२३वं स्तोत्र जेमतेम चार वचनांचं आहे. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमला सणासाठी वर चढून जाणारे यात्रेकरू म्हणत, असं साधारणपणे मानतात. त्यातलं हे चौथं. आधी मान वर करून स्वर्गात बसलेल्या देवाकडे पाहणं. मग दासाचे डोळे जसे धन्याच्या हाताकडे आणि दासीचे धनिणीच्या हाताकडे, तसे आमचे डोळे तुझ्याकडे, तू दया करीपर्यंत. आणि शेवटी, आमच्यावर दया कर, कारण सुखवस्तू माणसांची हेटाळणी आणि गर्विष्ठांचा तिरस्कार आम्हाला आता पुरे पुरे झाला आहे. एवढंच. बाकीच्या कितीतरी स्तोत्रांत शेवटी 'तू माझं ऐकलंस' असं येतं, तसं इथे येत नाही. मधेच संपल्यासारखं संपतं.

मी हे रोज म्हणते आणि रोज एकाच ठिकाणी अडते. आजारपण असेल तर बरं कर म्हणता येतं. कुणी छळत असेल तर सोडव म्हणता येतं. पण समोरचा आपल्याला हिशेबातच धरत नसेल, तर मागायचं काय? त्याला सुबुद्धी दे? माझा मान वाढव? की त्याची एकदा चांगली जिरव? (तिसरं सगळ्यात आधी सुचतं, खोटं कशाला बोलू.)

माझं प्रकरण थोडक्यात सांगते. कामाच्या ठिकाणी एक वरिष्ठ आहेत. आवाज कधी चढवत नाहीत, वावगा शब्द नाही. मी बोलायला लागले की हातातल्या पेनाचं टोपण काढतात, लावतात, काढतात, लावतात. नजर टोपणावर. माझं संपलं की "हं, पुढे कोण?" तेच म्हणणं दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणी मांडलं की पेन खाली आणि मान डोलते. तक्रार करायची तर कागदावर लिहू काय? टोपण?

ज्यांनी हे स्तोत्र वाचलंय, किंवा ज्यांना अशा वेळी प्रार्थनेचा काही अनुभव आहे, त्यांनी लिहा. कुठल्याही धर्माचे असा.

पाणवठा

ओसरीताई, चांगला विषय. टोपण वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे टोपणाच्या जागी मोबाइल आहे, फरक तेवढाच.

शत्रुत्व आणि तुच्छता यांत मला एक मोठा फरक वाटतो. शत्रू निदान तुम्हाला मोजतो. तुमच्या चाली लक्षात ठेवतो, तुमच्यामुळे त्याची झोप उडते. तुच्छ लेखणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. भांडायला गेलात तर "अरे, मी काय केलं?" असं विचारतो, आणि बऱ्याचदा त्याला ते खरंच माहीत नसतं. या स्तोत्रात दुखावणाऱ्यांना 'वैरी' म्हटलेलं नाही, 'सुखात असलेले' म्हटलंय. त्यांचं सगळं व्यवस्थित चाललंय आणि त्या व्यवस्थितपणातूनच हे येतंय. बायबलमधला सर्वस्व गमावलेला ईयोबही त्याच्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात हेच बोलतो, की ज्याचं बरं चाललंय त्याला दुसऱ्याच्या आपत्तीचं काही वाटत नाही.

चिकित्सक

प्रश्न साधा आहे. प्रार्थनेने टोपण थांबणार का? नसेल थांबणार तर मनुष्यबळ विभागाला पत्र लिहा. तारीख, वेळ, बैठकीचा विषय, कोण कोण हजर होतं, तुमचा मुद्दा नंतर कुणाच्या नावावर गेला, हे सगळं टिपून ठेवा. टोपण लिहू नका, मुद्दा कुणाच्या नावावर गेला ते लिहा.

पाणवठा

@चिकित्सक, पत्राला कुणाचीच ना नाही. बायबलमध्येच त्याचा चांगला दाखला आहे. नहेम्या नावाचा यहुदी पुढारी यरुशलेमची पडलेली भिंत बांधायला घेतो तेव्हा सनबल्लट आणि तोबीया हे त्याचे विरोधक आधी हल्ला करत नाहीत, आधी हसतात. हे दुबळे काय बांधणार, एखादा कोल्हा चढला तरी भिंत कोसळेल, असं तोबीया म्हणतो. नहेम्याची त्यावरची प्रार्थना अगदी उघड आहे: देवा ऐक, आमची कशी टर उडवतात ते बघ, ती निंदा त्यांच्याच माथी घाल. आणि पुढच्याच वचनात 'आम्ही भिंत बांधली'. प्रकरण आणखी चिघळतं तेव्हा एकाच वाक्यात देवाची प्रार्थनाही होते आणि रात्रंदिवस पहाराही बसतो. भिंत ५२ दिवसांत पुरी झाली. प्रार्थना की पत्र, हा पेच त्याला पडलेला दिसत नाही.

टाकसाळ

मला हे स्तोत्र अजिबात आवडत नाही, आणि का ते सांगतो.

माझी आई लोकांच्या घरी काम करायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचो, स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचो. 'दासीचे डोळे धनिणीच्या हाताकडे' म्हणजे काय, ते मी पाहिलंय. बाई बोलत नसत, हाताने दाखवत. एक बोट कोपऱ्याकडे, म्हणजे तिथे पुन्हा पूस. तळहात आडवा हलला, म्हणजे आज नको, जा. महिनाअखेरीला आईची नजर त्या हातावर खिळलेली असायची, की तो कपाटाच्या किल्लीकडे जातोय का. गेला नाही तर ती काही न बोलता चप्पल घालायची.

जे आम्हाला तुच्छ लेखतात त्यांच्याबद्दल देवाला सांगताना नातं कुठलं वापरायचं, तर पुन्हा धन्याचं आणि दासीचंच? एका मालकाकडून उठून दुसऱ्या मालकाच्या दारात बसायचं? आणि मागायचं काय, तर दया! दया वरचा खालच्यावर करतो. मला दया नको, हक्क हवा. ओसरीताईंना टोपणवाल्या साहेबांची दया हवी आहे का? नाही ना? मग देवाची तरी का?

रानजाई

टाकसाळदादांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली आहे. आमच्याकडे ज्यांच्या वाट्याला ही तुच्छता सर्वात जास्त आली ते चोखोबा. आयुष्यभर देवळाबाहेर. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून गेले, समाधी मिळाली ती पंढरपूरला महाद्वाराच्या बाहेर. पण चोखोबांपेक्षा मला इथे त्यांचा मुलगा कर्ममेळा आठवला. चोखोबांच्या बोलण्यात पुष्कळदा मवाळपणा आहे, कर्ममेळ्याच्या नाही. तो थेट देवालाच धारेवर धरतो: आम्हाला हीन जातीत घातलंस, आमचा जन्म दुसऱ्यांचं उष्टं खाण्यात गेला, याची तुलाच लाज कशी वाटत नाही? हीसुद्धा प्रार्थनाच आहे, अभंगच आहे तो. दया मागताना मान खालीच घालायला हवी असं कुठे आहे?

आणि हेही खरं, की त्या देवळाची दारं सगळ्यांसाठी उघडली ती १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशे वर्षं. अभंग म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्याच हयातीत काही झालं नाही. याचं काय करायचं ते मला माहीत नाही, पण प्रार्थनेचं कौतुक करताना हा आकडा डोळ्यांआड करू नये.

ओसरी

टाकसाळदादा, तुमचं म्हणणं टाळता येण्यासारखं नाही. हे स्तोत्र म्हणताना तुमच्या आईचा विचार माझ्या मनात यापुढे येणारच.

एक मात्र विचारते. बाईंच्या हाताकडे बघण्यावाचून तुमच्या आईला गत्यंतर नव्हतं. या स्तोत्रातली माणसंही नाइलाजाने अशा हातांकडे बघत जगत असणार, कारण गर्विष्ठांची हेटाळणी पुरे झाली असं तीच सांगतायत. मग निदान दिवसातला काही वेळ तरी ती नजर तिथून काढून दुसरीकडे लावतात, असं वाचता येईल का? माझं सांगायचं तर, बैठकीत माझे डोळे त्या टोपणावर असतात. म्हणजे त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही तरी मी मात्र पूर्ण वेळ त्यांच्याच हाताकडे बघत असते. स्तोत्र माझ्या त्या नजरेबद्दल बोलतंय असं मला वाटतं.

टाकसाळ

वाचता येईल. पण मग 'धनी' कशाला, 'आई' म्हणायचं. लेकराचे डोळेही आईच्या हाताकडे असतातच की.

सावकाश

जरा उशिरा आलो. चर्चच्या मंडळीत बरीच वर्षं वचन सांगितलंय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी मागतो.

टाकसाळ, 'आई' म्हणा ना, कुणी अडवलंय? आठच स्तोत्रं पुढे, १३१व्यात, आईच्या कुशीत निवांत झालेलं लेकरू आहेच. पण १२३ म्हणणारा त्या दिवशी लेकरासारखा नाही. त्याला लोकांनी इतकं खाली ढकललंय की स्वतःबद्दल बोलायला त्याच्याजवळ हीच भाषा उरलीय, आणि त्या भाषेसकट तो देवाकडे आलाय. आधी भाषा सुधार मग ये, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. धन्याच्या त्या हातात काय आहे यावर भाष्यकारांची मतं वेगवेगळी आहेत. कुणी म्हणतं देणारा हात, कुणी खूण करणारा, कुणी शिक्षा करून आता थांबणारा. तुमच्या आईच्या गोष्टीत पहिले दोन्ही होते.

आता मूळ प्रश्न, मागायचं काय. मार्काने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय बघा. यरीहोबाहेर रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलेला. येशू चाललाय हे कळल्यावर तो ओरडतो, माझ्यावर दया कर. लोक काय करतात? त्याला गप्प बसवतात. तुमच्या टोपणासारखंच की ते, तुझं बोलणं ऐकण्याजोगं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो आणखी मोठ्याने तेच ओरडतो. आणि येशू थांबून त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मग तो सांगतो, मला दिसावं. म्हणजे 'दया कर' हे मागणं अपुरं असलं तरी चालतं. काय हवं ते ठरवून, नीट मांडून यायची गरज नाही. इच्छा विचारणारा समोर थांबला की ते सुचतं. टाकसाळ, वरच्याने खालच्याच्या अंगावर टाकलेली दया अशी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पहिल्या वचनात 'मी' आहे, दुसऱ्यापासून 'आम्ही'. तुच्छतेचं पहिलं काम माणसाला एकटं पाडणं. आपल्यातच काही कमी असेल असं वाटायला लागतं, मग कुणाला सांगायचीही लाज. ओसरीताई, तुम्ही हे रोज एकट्या म्हणता. तिथे 'आमच्यावर' म्हणताना कोण कोण डोळ्यांसमोर येतं ते एकदा बघा. त्या बैठकीत पेनाचं टोपण फक्त तुमच्याच वेळी वाजतं, याची खात्री आहे का?

ओसरी

नाही. खात्री नाही. टंकनाचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, त्या तर बैठकीत बोलायच्याच बंद झाल्यात. मी त्यांना कधी विचारलं नाही.

मोगरी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेच.

ऑफिसातली तुच्छता निदान संध्याकाळी संपते. बायबलमधल्या हन्नाची घरातली होती. मूल नाही म्हणून सवत पनिन्ना वर्षानुवर्षं टोचायची, आणि तेही नेमकं देवाच्या घरी जायच्या वेळी. नवरा चांगला, पण समजूत काय घालतो, तर मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का! ती देवापुढे मन मोकळं करते, ओठ हलतायत, आवाज नाही. आणि तिथे बसलेला याजक, म्हणजे पुजारी, एली काय समजतो? बाई प्यायलेली आहे. घरात अपमान, आणि जिथे गाऱ्हाणं घालायला आली तिथेही अपमान.

मला आवडतं ते पुढचं. ती गप्प बसत नाही. मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे, मला वाईट चालीची समजू नका, असं याजकाला तोंडावर सांगते. अदबीने, पण सांगते. आणि एली आपलं म्हणणं बदलतो. प्रार्थना करणारीने सगळं मुकाट सोसायचं, हे आम्हा बायकांना पढवलं गेलंय, पण हन्नाच्या गोष्टीत ते नाही.

चिकित्सक

हे पटलं. (देव सोडून बाकी सगळं पटलं.)

निवांत_एक

+१ मोगरीताई.

एक अवांतर वाटेल, पण लिहितो. आपण सगळे इथे तुच्छ लेखल्या जाणाऱ्यांच्या बाजूने बोलतोय. लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, १८व्या अध्यायातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत) यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. ती गोष्ट येशूने कुणाला सांगितली, तर स्वतःला नीतिमान समजून इतरांना तुच्छ मानणाऱ्यांना, असं लूकने सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. म्हणजे गोष्ट आपल्याच विषयावर आहे. तिथला परूशी तुच्छता कुठे दाखवतो? प्रार्थनेत! 'मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार.' आणि जकातदार नजर वर करायलाही धजत नाही, छाती बडवून दया मागतो. १२३मध्ये डोळे वर, इथे डोळे खाली, मागणं एकच.

मला भीती वाटते ती अशी. टोपणवाल्या साहेबांविषयी रोज देवाला सांगता सांगता, 'मी या साहेबासारखा नाही' हे कधी सुरू होतं ते कळत नाही. मी माझ्या एका नातेवाइकाबद्दल अशी प्रार्थना करायचो. पुढे पुढे तो समोर आला की मला त्याची कीव यायची, आणि ती कीव मला फार आवडायला लागली होती.

रानजाई

हे धोक्याचं खरंच. पण निवांत, हे ज्याला सारखं ढकललं जातंय त्याला आधी सांगू नका. त्याची पाळी आधी येऊ द्या. गर्विष्ठांना स्तोत्रात 'गर्विष्ठ' म्हटलंच आहे की, त्याची कुणी क्षमा मागितलेली नाही.

निवांत_एक

मान्य. क्रम महत्त्वाचा.

पाणवठा

सूडाचं काय? नहेम्या सरळ मागतो. १०९व्या स्तोत्रात तर शापांची यादीच आहे. १२३मध्ये एकही नाही. थोर मन म्हणायचं की थकवा?

सावकाश

मला थकवा वाटतो. चिडायलाही अंगात त्राण लागतं. पण बायबलमधल्या दावीद राजाची एक गोष्ट सांगतो. मुलाने बंड केल्यामुळे दावीद यरुशलेम सोडून पळतोय, आणि शिमी नावाचा, आधीचा राजा शौल याच्या घराण्यातला माणूस वाटेने शेजारून चालत शिव्या देतो, दगड मारतो, धूळ उधळतो. दावीदाचा सरदार अबीशय म्हणतो, या मेलेल्या कुत्र्याचं डोकं उडवू का? दावीद म्हणतो, राहू दे, कदाचित परमेश्वर माझं दुःख पाहील आणि आजच्या या शापाबद्दल माझं भलं करील. त्या 'कदाचित'मध्ये मला १२३वं स्तोत्र ऐकू येतं. खात्री नाही, पण नजर तिकडे आहे. पुढे दावीद गादीवर परततो तेव्हा शिमी पाया पडतो, आणि दावीद शपथ घालून त्याला जीवदान देतो.

टाकसाळ

ही गोष्ट मी ऐकलीय, आणि सांगणारे नेहमी इथेच थांबतात. पुढे काय झालं?

सावकाश

पकडलंत. मरताना दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला सांगतो, मी त्याला मारणार नाही अशी शपथ वाहिली होती, पण तू त्याला निर्दोष समजू नकोस, काय करायचं ते तुला कळेल, त्याचे पिकलेले केस रक्तानिशी अधोलोकात जाऊ देत. शलमोन शिमीला यरुशलेमबाहेर पाऊल टाकायला बंदी घालतो. तीन वर्षांनी पळून गेलेले दास आणायला तो गथला जातो, आणि मारला जातो. १ राजे, दुसरा अध्याय.

मोगरी

म्हणजे इतकी वर्षं मनात होतंच.

टाकसाळ

हे तुम्ही लपवलं नाहीत, बरं वाटलं. 'राहू दे' म्हणणारा दावीद मला कधी खरा वाटला नव्हता. मरताना शिमीचं नाव काढणारा मला समजतो. आईनेही शेवटच्या आजारात त्या बाईंचं नाव दोनदा घेतलं होतं, आणि त्यात माफी वगैरे काही नव्हती.

दयेबद्दलचं माझं मत तेच आहे. पण बार्तीमयाला 'तुला काय हवं' असं विचारलं गेलं, ते वाचून काढतो. मार्क दहा म्हणालात ना?

सावकाश

मार्क १०, वचन ४६ पासून.

ओसरी

मी काल त्या टंकनवाल्या बाईंशी बोलले. अर्धा तास त्याच बोलत होत्या. चिकित्सक, टिपणं दोघींची मिळून करतोय. नमुना असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा.